मोटार उद्योग आणि जलवायुमानातील बदल

मोटार उद्योग आणि जलवायुमानातील बदल : मोटारगाड्यांतून बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू वातावरणाच्या तापमानवाढीस हातभार लावतो. त्याच्या नियंत्रणामुळे मोटार उद्योगाचे स्वरूप पालटत आहे. कार्बन मोनॉक्साइडासारखे विषारी वायू निष्कास नळीतील उत्प्रेरकाने निरुपद्रवी करता येतात. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र इंधनाच्या पूर्ण ज्वलनाचेच फलित आहे. एक लिटर पेट्रोलपासून तो सु. २·३ किग्रॅ. निर्माण होतो. त्यामुळे इंधन कमी जाळणे किंवा मुळीच न जाळणे, एवढेच उपाय उरतात.

यूरोपीय संघाने २००९ च्या नियमान्वये नव्या गाड्यांच्या सरासरी उत्सर्जनाची मर्यादा दर किमी.स २०१५ पर्यंत १३० ग्रॅ. व पुढे ९५ ग्रॅ. ठरविली. मर्यादेवरील प्रत्येक ग्रॅमला, विकलेल्या दर गाडीमागे, ९५ यूरो दंड आहे. मर्यादा सरासरीवर असल्याने जड गाड्या विकणाऱ्या कारखानदारास हलक्या वा विद्युत् गाड्याही खपवाव्या लागतात. २०३५ पासून नव्या गाड्यांचे उत्सर्जन शून्यावर आणण्याचा नियम २०२३ मध्ये झाला. डिसेंबर २०२५ मध्ये तो शिथिल करण्याचा प्रस्ताव यूरोपीय आयोगाने मांडला. भारतात अशी सरासरी मर्यादा २०१७ पासून लागू झाली.

विद्युत् गाडीला दट्ट्या, झडपा, इंधन टाकी लागत नाहीत. साहजिकच हे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतील कामगारांचा रोजगार धोक्यात येतो. शिवाय विद्युत् घटमालेच्या निर्मितीत उत्सर्जन होतेच. वीज दगडी कोळशापासून केलेली असल्यास धूर गाडीऐवजी विद्युत् केंद्रातून निघतो. म्हणून गाडीइतकेच विजेचे उगमस्थानही महत्त्वाचे ठरते.