मोटारीच्या टपावरचे तांब्याचे कडे

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबारला तडाखा दिला, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओ संच घेऊन योगायोगाने आधीपासूनच पोर्ट ब्लेअरमध्ये होते. दूरध्वनी बंद पडले आणि त्यांच्या संचावरून निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. पण दरवेळी असा योगायोग कोठून जुळायचा? २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांना, म्हणजेच ‘हॅम’ मंडळींना, आपले संच घेऊन आपद्ग्रस्त भागात पोहोचावे लागले होते. संच मोटारीत मावतो, मोटारीची बॅटरी त्याला वीज पुरवते. अडचण असते ती अँटेनाची. आणि ही अडचण तंत्रज्ञानाने नव्हे, तर निसर्गनियमाने घातलेली आहे.

हॅम मंडळींच्या नेहमीच्या वापरातला ७ मेगाहर्ट्झचा पट्टा घेऊ. या लहरींची लांबी सुमारे ४२ मीटर. उभी अँटेना चांगली चालायची तर ती किमान पाव लहरीइतकी, म्हणजे साडेदहा मीटर उंच हवी. घराच्या गच्चीवर तेवढी तार ताणता येते. घाटात वळणे घेणाऱ्या जीपवर तीन मजली उंचीची काठी उभी करणे शक्य नाही. त्यामुळे मोटारीवर दोन-अडीच मीटरची लवचिक काठी लावायची आणि उरलेल्या लांबीची भरपाई बुडाशी किंवा मध्यावर तारेचे वेटोळे घालून करायची, हा गेल्या कित्येक दशकांचा रिवाज आहे. तो चालतो, पण महागात पडतो. अशा काठीचा ‘प्रारण रोध’, म्हणजे ऊर्जेचे लहरींत रूपांतर करणारा रोध, जेमतेम दीड ओहम भरतो. वेटोळ्यातला आणि मोटारीखालच्या जमिनीतला निव्वळ उष्णता निर्माण करणारा रोध मात्र दहा ओहम किंवा त्याहूनही अधिक असतो. संचातून निघालेल्या शंभर वॅटपैकी नव्वदएक वॅट माती आणि तार तापवण्यात खर्ची पडतात, असा याचा अर्थ.

काठीचा दुसरा दोष कमी बोलला जातो, परंतु सह्याद्रीसारख्या मुलखात तोच अधिक नडतो. उभी काठी क्षितिजाच्या दिशेने लहरी फेकते. थेट डोक्यावर जवळजवळ काहीच पाठवत नाही. रत्नागिरी ते पुणे हे हवाई अंतर सुमारे १८० किलोमीटर. मध्ये सह्याद्रीची भिंत. अतिउच्च कंप्रतेच्या हातसंचाचे बोलणे या भिंतीला धडकून थांबते. सात मेगाहर्ट्झवर जमिनीलगत जाणारी लहरही काही दशक किलोमीटरांत क्षीण होते. काठीने क्षितिजाकडे फेकलेली लहर आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरते, आणि मधला सारा प्रदेश मूक राहतो. संकटकाळी बोलायचे असते ते नेमके याच प्रदेशाशी, म्हणजे तालुक्याहून जिल्ह्याशी आणि जिल्ह्याहून शेजारच्या जिल्ह्याशी. त्यावर उपाय एकच: लहर जवळपास सरळ वर पाठवायची, अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरील आयनांबराच्या थराने ती खाली परतवली की ती पावसासारखी चहूबाजूंना बरसते. डोंगर मध्ये येतच नाहीत. सैन्यदलांच्या गाड्यांवरची लांब काठी कधीकधी मागे वाकवून दोरीने बांधलेली दिसते, त्यामागे हाच हेतू असतो.

लूप अँटेना, अर्थात तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळीचे एक मोठे कडे, येथे उपयोगी पडते. नळी वाकवून एक मीटर व्यासाचे कडे करावे, त्याची दोन टोके जुळू न देता त्यांच्यामध्ये कमीजास्त करता येणारा कॅपॅसिटर बसवावा, की झाली अँटेना. कडे हे एका वेढ्याचे वेटोळेच. त्याचा आणि कॅपॅसिटरचा मेळ बसला की ठरावीक कंप्रतेला त्यात अनुनाद होतो आणि प्रचंड प्रवाह फिरू लागतो. संचाची तार कड्याला जोडावीही लागत नाही. मोठ्या कड्याच्या आत, त्याच्या पंचमांश व्यासाचे एक छोटे कडे ठेवले की ऊर्जा चुंबकीय क्षेत्रामार्फत आपोआप मोठ्यात शिरते. पाव लहरीची काठी दहा मीटरची असताना एक मीटरचे कडे तेच काम करू पाहते, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. तसे ते नाही. निसर्ग आपली किंमत वसूल करतोच.

ती किती, हे आकड्यांतच पाहणे बरे. एक मीटर व्यास, २२ मिलिमीटर जाडीची तांब्याची नळी, कंप्रता ७.१ मेगाहर्ट्झ. मोकळ्या जागेतल्या गणिताप्रमाणे या कड्याचा प्रारण रोध येतो ०.००६ ओहम, म्हणजे एका ओहमचे सहा सहस्रांश. उच्च कंप्रतेचा प्रवाह धातूच्या केवळ पृष्ठभागावरून, मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्शाइतक्या थरातून वाहतो. त्यामुळे जाडजूड नळीचाही उष्णतारोध ०.०३२ ओहमच्या आसपास जातो. दोहोंचे प्रमाण काढले तर शंभर वॅटपैकी सुमारे १६ वॅट आकाशात जातात. तेच कडे १४ मेगाहर्ट्झवर वापरले की कार्यक्षमता एकदम सत्तर टक्क्यांच्या जवळ पोहोचते, कारण प्रारण रोध कंप्रतेच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजेच जेथे लूपची खरी निकड, त्या खालच्या पट्ट्यांतच ते दुबळे असते. ‘कोणत्याही पट्ट्यावर पूर्ण आकाराच्या अँटेनाइतकेच काम’ अशी जाहिरात कोणी करीत असेल, तर ग्राहकाने फक्त कड्याचा व्यास विचारावा.

०.००६ ओहम हा आकडा ध्यानात ठेवला, की लूप बांधणारे सांध्यांविषयी इतके काटेकोर का असतात, ते उमगते. नट-बोल्टने आवळलेला, थोडा गंजलेला एखादा सांधा सहज ०.०१ ओहमचा भरतो. एवढ्या एका सांध्याने लूपच्या प्रारण रोधाहून अधिक रोध वाट्यात आणून ठेवला! म्हणून सांधे रुंद पट्टीचे, डाख देऊन किंवा ब्रेझिंग करून पक्के केलेले असावे लागतात. मोटारीवर तर हे अधिकच निकडीचे, कारण खड्ड्यांतून होणारे हादरे प्रत्येक सांधा रोज थोडाथोडा सैल करीत असतात. कोकणची खारी हवा असेल तर पाहायलाच नको.

आता कॅपॅसिटरकडे वळू. वरच्याच उदाहरणात शंभर वॅटला कड्यातून पन्नास अँपियरहून अधिक प्रवाह फिरतो आणि कॅपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये साडेपाच हजार व्होल्टचा दाब तयार होतो. शिखरमूल्य आठ हजारांच्या घरात. जुन्या रेडिओतला पातळ पत्र्यांचा गँग कॅपॅसिटर अशा वेळी ठिणग्या टाकत जळतो. निर्वात नळीतला किंवा रुंद फटींचा कॅपॅसिटर लागतो, आणि तोच या अँटेनाचा सर्वांत महाग भाग. शिवाय अनुनाद इतका तीव्र असतो की एकदा जुळवलेले कडे जेमतेम पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. एका माणसाचे बोलणे त्यात मावते, शेजारचे नाही. दहा किलोहर्ट्झ सरकायचे तर कॅपॅसिटर पुन्हा फिरवायचा. चालकाच्या आसनावरून हात तेथवर पोहोचत नाही, म्हणून लहान मोटर आणि दातेरी चाके बसवतात. शेजारून ट्रक गेला, झाडाची फांदी जवळ आली, कॅपॅसिटरच्या पेटीवर पाणी साचले, तरी मेळ ढळतो. चालत्या गाडीत लूपवर सलग संभाषण चालवणे म्हणूनच कष्टाचे. गाडी थांबवून काम करणाऱ्यालाच ते खरे सोयीचे.

टपावर हे कडे कसे बसवावे, यावर नवख्यांची हमखास गफलत होते. ते आडवे ठेवणे सोपे. वारा लागत नाही, दिसतेही नीटस. पण लोखंडी टप आरशासारखा वागतो. आडव्या कड्यातल्या प्रवाहाची जी प्रतिमा टपात उमटते, ती उलट दिशेने फिरते आणि मूळ परिणाम जवळपास पुसून टाकते. त्यातून काही उरलेच, तरी आडवे छोटे कडे सरळ वर काहीच पाठवत नाही. म्हणजे ज्यासाठी खटाटोप, तेच हातून जाते. कडे उभे केले की चित्र पालटते. आता प्रतिमेचा प्रवाह मुळाला पूरक ठरतो, आणि कड्याच्या प्रतलात सर्व कोनांतून, माथ्याकडेही, प्रारण होते. टप हा काही अनंत आरसा नव्हे, तेव्हा पूर्ण लाभ मिळत नाही. तरीही फरक मोठा. वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून कडे गाडीच्या लांबीला समांतर लावतात. अशा वेळी गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूंना जमिनीलगतचा संदेश क्षीण होतो. घाटाच्या प्रत्येक वळणावर ही मुकी दिशाही गाडीबरोबर फिरत राहते.

वाहनाभोवती चौकट घालण्याची कल्पना जुनीच. १९३०च्या दशकातील सोव्हिएत टी-२६ आणि बीटी रणगाड्यांपैकी सेनाधिकाऱ्यांच्या रणगाड्यांवर बुरुजाभोवती कठड्यासारखी अँटेना असे. आजच्या अर्थाने ती अनुनादी लूप नव्हती. तिचा मोठा तोटा मात्र विद्युतशास्त्राशी संबंधित नव्हता: कठडा दिसला की आत अधिकारी आहे हे शत्रूला दुरून कळे आणि पहिला गोळा त्यावरच पडे. पुढे तिची जागा साध्या काठीने घेतली. छोट्या अनुनादी लूपकडे हॅम मंडळींचे लक्ष वेधले ते १९६७ साली. केनेथ पॅटरसन यांनी अमेरिकी सैन्यासाठीच्या नळ्यांच्या अष्टकोनी लूपचे वर्णन ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकात केले आणि हौशी मंडळींनी ती उत्साहाने बांधून पाहिली. हेलिकॉप्टरच्या शेपटीला टॉवेल टांगायच्या दांडीसारखी जी नळी दिसते, तीही याच कुळातली.

त्याआधी, १९५० आणि ६०च्या दशकांत, अमेरिका व ब्रिटनमध्ये मोटारींवर ‘हॅलो’ नावाचे निराळेच कडे मिरवत होते. अर्ध्या लहरीची दांडी गोल वाकवून केलेली ही अँटेना खरोखरच आडवी ठेवायची असते. ५० मेगाहर्ट्झला तिचा व्यास मीटरभर, १४५ मेगाहर्ट्झला फुटाएवढा. पूर्ण अर्धी लहर असल्याने तिला वरील रोगांपैकी फारसे काही जडत नाहीत, मात्र टपापासून ती पुरेशी उंच धरावी लागते. पुढे एफएम पुनर्प्रक्षेपक आले, त्यांच्या अँटेना उभ्या होत्या, आणि आडव्या-उभ्या ध्रुवणाच्या विसंगतीत संदेशाची ताकद शंभरपटीपर्यंत घटत असल्याने हॅलो मागे पडले. जोसेफ बॉयर यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी मांडलेले ‘हुला हूप’ कडेही असेच चर्चेत आले. ते आडवे असूनही धातूच्या पृष्ठभागालगत चालते, कारण त्यात लहरी कडे आणि पत्रा यांमधल्या फटीतून बाहेर पडतात. पण त्याची भिस्त खालच्या पत्र्याच्या उत्तम वाहकतेवर असते, आणि मोटारीचा रंगवलेला, जोडलेला पत्रा ती अट क्वचितच पुरी करतो.

लूप गोंगाट कमी पकडते, असा तिचा एक लौकिक आहे. घरात तो पुष्कळसा खरा ठरतो. कडे फिरवून गोंगाटाचा उगम त्याच्या मुक्या दिशेत आणता येतो. मोटारीत मात्र गोंगाटाचे उगम, म्हणजे स्पार्क प्लग, अल्टरनेटर आणि विजेवरच्या गाड्यांतले इन्व्हर्टर, कड्यापासून हाताच्या अंतरावर असतात आणि त्यांचे क्षेत्र बऱ्याच अंशी चुंबकीयच असते. तेथे या लौकिकावर विसंबू नये. इंजिन बंद करणे हा उपाय अधिक गुणकारी.

सर्वांत कमी चर्चा होते ती माणसांच्या सुरक्षिततेची. साडेपाच हजार व्होल्टला स्पर्श झाला तर खोल भाजते, हे सांगायला नको. चुंबकीय क्षेत्र दिसत नाही, भाजतही नाही. पण शंभर वॅट चालू असताना कड्याच्या अक्षावर एक मीटर अंतरावर ते गणिताने ४.६ अँपियर प्रति मीटर येते. आंतरराष्ट्रीय अ-आयनीकारक प्रारण संरक्षण आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य नागरिकांसाठी ७.१ मेगाहर्ट्झला तीस मिनिटांच्या सरासरीची संदर्भपातळी सुमारे ०.३१ आहे. बोलण्यातले विराम आणि ऐकण्याचा वेळ वजा केला तरी हा आकडा पातळीच्या कित्येक पट राहतो. आणि आपत्तीच्या जागी संदेश पाठवणाऱ्या गाडीला लोक अगदी खेटून उभे राहतात; प्रत्येकाला आपल्या माणसाची खबर हवी असते. शक्ती शंभरावरून दहा वॅटवर आणली की क्षेत्र सुमारे एक तृतीयांश होते. अंतर दुपटीने वाढवले, एकाऐवजी दोन मीटर ठेवले, की ते साधारण सहाव्या हिश्शावर येते. म्हणजे वॅट कमी करण्यापेक्षा माणसे मागे सारणे अधिक उपयोगाचे. गाडीभोवती दोन-तीन मीटरवर साधी दोरी बांधली आणि निरोप घेणारा कार्यकर्ता दोरीच्या बाहेर बसवला, की निम्म्याहून अधिक प्रश्न सुटतो. संदेश आटोपल्यावर कडे हाताळण्यापूर्वी संच बंद आहे ना, हे मात्र स्वतः डोळ्यांनी पाहावे. आत बसलेल्या सहकाऱ्याच्या सांगण्यावर हात घालू नये.