शेतात सोयाबीन, ताटात काय?

उज्जैन जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला गहू-हरभरा पिकतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील ३५.७ टक्के मुलांची वाढ खुंटलेली होती आणि ६ ते ५९ महिन्यांच्या ७२.७ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय होता. गरिबी, दूषित पाणी, वारंवारचे जुलाब ही कारणं आहेतच. पण घराघरांत मुरलेले काही समजही मुलांचं पोषण हिरावून घेतात.

गैरसमज १ : सोयाबीन विकायचं पीक, खायचं नव्हे.

वस्तुस्थिती : उज्जैनसह साऱ्या माळव्यात सत्तरच्या दशकापासून पसरलेलं हे पीक खळ्यावरून थेट मंडीत जातं. त्याच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात; गव्हात साधारण १२. मात्र ते कच्चं खाऊ नये. प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारा त्यातला घटक उष्णतेनेच निकामी होतो. निवडलेले दाणे उकळत्या पाण्यात टाकून २०-२५ मिनिटं शिजू द्यावेत, निथळून कडक उन्हात खडखडीत वाळवावेत आणि ९ किलो गव्हाला १ किलो या प्रमाणात मिसळून दळून आणावेत. पिठातली प्रथिनं १५ टक्क्यांच्या आसपास जातात. सोयाबीनमधल्या तेलामुळे हे पीठ लवकर खवट होतं, म्हणून दळण थोडं थोडंच करावं.

गैरसमज २ : बाळाला डाळीचं पाणी पुरे.

वस्तुस्थिती : वरच्या पाण्यात सत्त्व फार थोडं उतरतं, प्रथिनं तळाच्या डाळीत राहतात. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर चमच्यातून ओघळणार नाही इतकी घट्ट, मऊ खिचडी द्यावी आणि तीत चमचाभर तूप किंवा तेल घालावं. बाळाचं पोट लहान असतं, ते पाण्याने भरलं तर अन्नाला जागा उरत नाही. सहा महिन्यांपर्यंत मात्र मे महिन्याच्या उन्हातही वेगळं पाणी पाजावं लागत नाही, कारण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं.

गैरसमज ३ : बीट आणि गूळ खाल्ला की रक्त वाढतं.

वस्तुस्थिती : बिटाचा लाल रंग लोहाचा नसतो, १०० ग्रॅम बिटात जेमतेम १ मिलिग्रॅम लोह असतं. गुळाच्या एका खड्यातून त्याहूनही कमी मिळतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची रोजची गरज आहे सुमारे ३० मिलिग्रॅम. त्यासाठी मेथी, राजगिऱ्याची पालेभाजी, हरभरा, डाळी रोजच्या जेवणात हव्यात आणि वरून लिंबू किंवा आवळा हवा, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. उज्जैनमध्ये सकाळी पोह्यांबरोबर चहा ठरलेला. चहातले टॅनिन लोहाचं शोषण रोखतात. पोह्यांवर लिंबू पिळावं आणि चहा तासाभराने घ्यावा. शाळेत मिळणारी लोहाची गोळी आणि जंताची गोळीही मुलांनी चुकवू नये.

गैरसमज ४ : शाळेत जेवण मिळतं, मग घरी काळजी नाही.

वस्तुस्थिती : पीएम पोषण योजनेत प्राथमिक शाळेतल्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं देण्याचं प्रमाण ठरलेलं आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी लागतात. म्हणजे ऊर्जेचा पाऊण वाटा घरातूनच यायला हवा. मधल्या वेळेला चहा-बिस्किटाने भूक मरते, पोषण होत नाही. तेवढ्याच पैशांत भाजलेले चणे-शेंगदाणे येतात.

गैरसमज ५ : खाण्यापिण्याचं शिक्षण बायकांसाठी.

वस्तुस्थिती : धान्य किती विकायचं आणि बाजारातून काय आणायचं, हे बऱ्याच घरांत पुरुष ठरवतात. सगळ्यांचं आटोपल्यावर उरलंसुरलं आई खाते आणि पुढचं बाळंतपण तिच्या अशक्तपणावरच होतं. २०१८ पासून दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास सरकारी पोषण माह (पोषणाचा महिना) पाळला जातो. त्यानिमित्त होणाऱ्या गावच्या बैठकीला वडील आणि आजोबा आले पाहिजेत, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या स्वसहायता समूहाच्या ताईंनी सोयाबीन शिजवून दाखवलं पाहिजे आणि मुलांनी ते चाखलं पाहिजे. यंदाचा माल मंडीत नेण्याआधी घरच्यांसाठी सोयाबीनचं एक पोतं बाजूला काढा, एवढा एक निर्णय त्या बैठकीत झाला तरी ती सार्थकी लागेल.