पट आखणारा

श्वेतांबर घरांत पर्युषणात ज्ञानबाजीचा पट मांडण्याची रीत होती. ८४ घरे, माथ्यावर सिद्धशिला. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेई, दुर्गुणाच्या घरातून साप खाली आणी. आजच्या १०० घरांच्या सापशिडीत ती नावे उरली नाहीत. पट प्रथम कोणी आखला, त्याचे नाव तर काळाच्या उदरात गेले.

साप कोणत्या घरी बसवावा, हाच या व्यवसायाचा रोजचा प्रश्न होय. जर्मनीचे राइनर क्निझिया गणितात डॉक्टरेट मिळवून वित्तक्षेत्रात नोकरीस होते. १९९७ पासून ते पूर्णवेळ खेळ रचतात. त्यांचे ६०० हून अधिक खेळ प्रसिद्ध आहेत. ‘मेडिची’ (१९९५) या खेळात व्यापारी लिलावात माल घेऊन जहाज भरतात. बोली हौसेने चढवली की नफा आटतो. पेढीवर वाढलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही!

काम मात्र चिकाटीचे. साध्या कागदाचा नमुना करायचा, चारचौघांना खेळावयास बसवायचे, आपण गप्प राहून कोण कोठे जांभई देतो ते टिपायचे. मग एखादा आकडा बदलायचा आणि पट पुन्हा मांडायचा. असे महिनोन्महिने चालते. मोबदला बहुधा विक्रीतील लहानसा टक्का.

नावासाठीही झगडावे लागले. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळणी-प्रदर्शनाच्या वेळी १३ रचनाकारांनी पेल्याखाली ठेवण्याच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या: खोक्यावर नाव छापल्याखेरीज खेळ द्यायचा नाही. आज तेथील खोक्यांवर रचनाकाराचे नाव पुस्तकावरील लेखकाच्या नावासारखे छापलेले दिसते.