पादपगृहातील आर्द्रता
पादपगृहातील आर्द्रता : बंदिस्त जागेत वाढविल्या जाणाऱ्या वनस्पतींभोवतीच्या हवेतील जलबाष्पाचे प्रमाण. ही जागा काचेचे किंवा प्लॅस्टिकचे हरितगृह, शेडनेटगृह, ऊतकसंवर्धित रोपे कणखर करण्याची खोली किंवा घरातील कुंड्यांचा कोपरा यांपैकी कोणतीही असू शकते. कोरड्या प्रदेशात अशा जागेतील आर्द्रता वाढविणे हे रोपे जगविण्याचे एक प्रमुख साधन ठरते. महाराष्ट्रात कोकणापेक्षा मराठवाडा व विदर्भ या भागांत ही गरज अधिक भासते. हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेले गाव याच कोरड्या पट्ट्यात येते. येथील पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात पडतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान अनेकदा ४०° से. च्या पलीकडे जाते व दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते.

स्वरूप व मापन : हवेच्या एक घन मीटर आकारमानातील बाष्पाच्या वजनास निरपेक्ष आर्द्रता म्हणतात. त्या तापमानास हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प सामावू शकते त्याच्याशी प्रत्यक्ष बाष्पाचे असलेले शेकडा प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता होय. हवेची ही धारणक्षमता तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. २०° से. ला एक घन मीटर हवेत सु. १७ ग्रॅ., ३०° से. ला सु. ३० ग्रॅ. आणि ४०° से. ला सु. ५१ ग्रॅ. बाष्प मावते. त्यामुळे ४०° से. तापमानाची व २० टक्के आर्द्रतेची हवा पाण्याचा थेंबही न घालता ३०° से. पर्यंत थंड केली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सु. ३५ टक्के होते. तापमान न सांगता दिलेला आर्द्रतेचा आकडा म्हणून अपुरा असतो.

आर्द्रता मोजण्यासाठी कोरडा व ओला असे दोन तापमापक शेजारी ठेवतात. ओल्या तापमापकाच्या फुग्यावरील भिजलेल्या कापडातून बाष्पीभवन होऊन त्याचे तापमान उतरते. दोहोंतील फरक जितका अधिक तितकी हवा कोरडी. केसाचे व विद्युतीय आर्द्रतामापकही वापरतात. मात्र ते कालांतराने चुकीचे आकडे दाखवू लागतात. त्यांच्या तपासणीसाठी मिठाचा ओला लगदा ठेवलेल्या घट्ट बंद डब्यात उपकरण काही तास ठेवतात. २५° से. तापमानास अशा डब्यातील आर्द्रता ७५ टक्के असते.

वनस्पतींवरील परिणाम : पानाच्या आतील पोकळ्यांमधील हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. हे बाष्प पर्णरंध्रांतून बाहेरील कोरड्या हवेत निसटते. यास बाष्पोच्छ्वास म्हणतात. त्याचा वेग पानातील व बाहेरील बाष्पदाबांच्या फरकावर अवलंबून असतो. फरक फार वाढला तर मुळांकडून होणारा पाणीपुरवठा अपुरा पडतो, पर्णरंध्रे मिटतात, कार्बन डाय-ऑक्साइड आत येणे कमी होते व वाढ खुंटते. मातीत पाणी असूनही दुपारी रोपे माना टाकतात, त्याचे कारण हेच. पानांच्या कडा करपणे व लाल कोळी या किडीचा उपद्रव वाढणे हीही कोरड्या हवेची लक्षणे आहेत.

पानाचे तापमान येथे निर्णायक असते. हवा ३०° से. व ७० टक्के आर्द्र असताना पानही ३०° से. ला असेल, तर बाष्पदाबातील फरक सु. १·३ किलोपास्काल असतो. त्याच हवेत उन्हाने पान ४०° से. पर्यंत तापले, तर तो सु. ४·४ किलोपास्काल, म्हणजे तिपटीहून अधिक होतो. यामुळे सावली हा आर्द्रता वाढविण्याच्या उपायांइतकाच महत्त्वाचा उपाय ठरतो.

ऊतकसंवर्धनाने तयार केलेली केळीसारखी रोपे या बाबतीत विशेष नाजूक असतात. काचेच्या बाटलीत ती जवळजवळ संपृक्त हवेत वाढलेली असतात. त्यांच्या उपत्वचेवर मेणाचा थर अत्यल्प असतो व पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. ती एकदम बाहेरील हवेत आणल्यास काही तासांत सुकतात. म्हणून त्यांना प्रथम भरपूर आर्द्र जागेत ठेवून पुढील काही आठवड्यांत आर्द्रता क्रमाने उतरवितात.

पूर्वपीठिका : लंडनमधील वैद्य नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांना १८२९ मध्ये झाकलेल्या काचेच्या बाटलीत, ओलसर मातीत नेचे आपोआप उगवलेले आढळले. मातीतून व पानांतून निघालेले बाष्प काचेवर साकळून पुन्हा मातीत परतत होते. या तत्त्वावर त्यांनी काचेच्या बंद पेट्या तयार केल्या आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे ऑस्ट्रेलियास सुखरूप पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्युन यांनी चीनमधून भारतात चहाची रोपे आणण्यासाठी अशाच पेट्या वापरल्या.

महाराष्ट्रातील पानमळा हे याच विचाराचे काचेविना साधलेले रूप होय. नागवेलीला सावली, ओल व वाऱ्यापासून आडोसा लागतो. त्यासाठी शेवरी, पांगारा, शेवगा यांसारखी झाडे दाट लावून त्यांवर वेल चढवितात, कडेला उंच कुंपण करतात आणि वारंवार पाणी देतात. बाहेर रणरणते ऊन असतानाही मळ्यात गारवा व दमटपणा टिकतो. अलीकडच्या काळात प्लॅस्टिकची हरितगृहे व शेडनेटगृहे यांचा प्रसार झाला. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हिंगोली जिल्ह्यातील गावांचाही समावेश होता व त्यात शेडनेटगृहांसाठी अनुदान देण्यात आले.

आर्द्रता वाढविण्याचे उपाय : पहिला उपाय असलेले बाष्प टिकविण्याचा होय. तीन मी. लांब, चार मी. रुंद व अडीच मी. उंच खोलीत ३० घ. मी. हवा असते. ३०° से. तापमान कायम ठेवून तिची आर्द्रता ३० वरून ७० टक्क्यांवर नेण्यास सु. ३६५ ग्रॅ., म्हणजे एक तृतीयांश लिटरच्या थोडे वर पाणी पुरते. परंतु फटींतून तासाला दहा वेळा हवा बदलत असेल, तर दर तासास साडेतीन लिटरांहून अधिक पाण्याची वाफ करावी लागते. फटी बुजविणे, वाऱ्याच्या दिशेस आडोसा करणे, सावलीची जाळी लावणे व रोपे एकत्र दाटीने मांडणे यांमुळे पाण्याची मोठी बचत होते. नवी रोपे किंवा छाट कलमे पारदर्शक प्लॅस्टिकच्या छोट्या बोगद्याखाली ठेवल्यास मोठ्या खोलीची हवा ओली करण्याची गरजच उरत नाही. मात्र असा बोगदा थेट उन्हात ठेवू नये.

दुसरा उपाय ओल्या पृष्ठभागांचा. जमिनीवर व वाटांवर पाणी शिंपडणे, विटांचा किंवा वाळूचा थर ओला ठेवणे, भिजविलेले गोणपाट किंवा वाळ्याचे पडदे टांगणे हे जुने व स्वस्त मार्ग आहेत. कुंडीखाली पाणी व खडे घातलेली थाळी ठेवण्याचा परिणाम मोकळ्या खोलीत फारच थोडा होतो. पानांवर हाताने पाणी फवारल्याने आर्द्रता काही मिनिटांपुरतीच वाढते.

मोठ्या जागेत तुषार व धुके निर्माण करणारी तोंडे बसवितात. थेंब जितके बारीक तितके ते हवेतच विरतात; जाड थेंब पानांवर पडून रोगांस निमंत्रण देतात. दुसरी पद्धत पंखे व ओल्या पॅडची. एका बाजूच्या ओल्या पॅडमधून बाहेरची हवा आत घेऊन समोरच्या पंख्यांनी ती बाहेर काढतात. मराठवाड्यातील घरोघरच्या कूलरचेच हे मोठे रूप आहे. बाहेर ४०° से. व २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या तापमापकाचे तापमान सु. २२° से. असते. पॅडची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास आत येणारी हवा सु. २६° से. तापमानाची व ७० टक्क्यांहून थोड्या अधिक आर्द्रतेची मिळते. पावसाळ्यात हवा मुळातच दमट असल्याने ही पद्धत निष्प्रभ ठरते.

पाण्याचा हिशेब : १०० चौ. मी. क्षेत्राच्या व ३ मी. उंचीच्या हरितगृहात दर मिनिटास एकदा हवा बदलल्यास वरील स्थितीत तासाला सु. १२० लि. पाण्याची वाफ होते. दिवसाचे सहा तास पंखे चालविल्यास हा खर्च ७०० लिटरांवर जातो. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ठरविलेल्या दरडोई दररोज ५५ लि. या प्रमाणाने हे सु. १३ माणसांचे पाणी होते. ज्या भागात उन्हाळ्यात विहिरी आटतात, तेथे हरितगृह उभारण्यापूर्वीच हा हिशेब करणे आवश्यक ठरते. १०० चौ. मी. छपरावर ८०० मिमी. पाऊस पडल्यास ८०,००० लि. पाणी मिळू शकते. गळती व नासाडी वजा जाता त्यातील ६०,००० लि. पाणी झाकलेल्या टाकीत साठविल्यास वरील गरज सु. ८० दिवस भागते.

पावसाच्या पाण्याचा दुसरा फायदा शुद्धतेचा आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विंधन विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे बहुधा पुष्कळ असतात. असे पाणी वापरल्यास तुषारतोंडे बुजतात, पॅडवर खर जमते व पानांवर पांढरे डाग पडतात.

अतिरेकाचे दोष : सर्वसाधारण भाजीपाल्यास व फुलझाडांस दिवसा ६० ते ८० टक्के आर्द्रता पुरते, निवडुंगवर्गीय वनस्पतींस याहून कमी लागते. आर्द्रता सतत फार अधिक राहिल्यास बाष्पोच्छ्वास मंदावतो व त्याबरोबर कोवळ्या पानांना होणारा कॅल्शियमाचा पुरवठा घटतो. रात्रीचा धोका आणखी वेगळा असतो. दिवसअखेर २५° से. व ७० टक्के आर्द्रता असलेली हवा बंद जागेत सु. १९° से. पर्यंत उतरताच संपृक्त होते आणि छतावरून व पानांवरून पाणी ठिबकू लागते. पाने कित्येक तास ओली राहिल्यास करडी बुरशी व केवडा हे रोग फैलावतात. यासाठी दुपारनंतर फवारणी थांबवितात, संध्याकाळी झडपा काही वेळ उघड्या ठेवतात आणि हवा खेळती राहण्यासाठी लहान पंखा लावतात. सकाळी उन्हे वर येईपर्यंत पाने कोरडी झालेली असणे, ही व्यवस्था योग्य असल्याची सोपी खूण होय.