काळजाची काळजी

मंडळी, आम्हा कवींनी हृदयाकडून नाही नाही ती कामं करून घेतली आहेत. ते तुटतं, जळतं, हरवतं, कुणाला तरी देऊन टाकलं जातं. उर्दूत ते दिल, आपल्या वऱ्हाडात काळीज. गंमत म्हणजे खाटकाच्या दुकानात कलेजी मागितली तर तो यकृत तोलून देतो. आपण मात्र छातीवर हात ठेवून काळीज म्हणतो तेव्हा हृदयच मनात असतं. भाषेत असा घोळ चालून जातो. शरीरात चालत नाही.

हृदयाचं काम एकच, रक्त ढकलण्याचं. मुठीएवढा हा स्नायू दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतो. या स्नायूला स्वतःसाठीही रक्त लागतं आणि ते त्याच्या अंगावरून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं. सारं दुखणं तिथंच सुरू होतं. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला हे चटकन कळेल. ठिबकच्या नळीत क्षार साचत जातात, बाहेरून नळी छान दिसते आणि झाड सुकायला लागलं की मग आपले डोळे उघडतात. रक्तवाहिन्यांच्या आत चरबीचा थर असाच वर्षानुवर्षं बसतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, तिथं रक्ताची गुठळी होते आणि पुढचा रस्ता बंद पडतो. हाच हृदयविकाराचा झटका.

थर बसायला वर्षं लागतात, म्हणूनच आपल्या हातात पुष्कळ काही असतं. रोजच्या सवयींचं महत्त्व ते एवढंच आणि एवढं मोठं.

पहिली सवय चालण्याची. अमरावतीला व्यायामाचं महत्त्व कुणी सांगायला नको. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली थेट बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. पण हृदयासाठी सगळ्यांनीच मल्लखांबावर चढायची गरज नाही. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणं पुरे. भरभर म्हणजे किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढं. अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या झाडीतले रस्ते किंवा अमरावतीत वडाळीचा परिसर, कुठंही चाला. फक्त आपला उन्हाळा विसरू नका. पारा ४५ अंशांच्या घरात गेला की अंग थंड ठेवण्यासाठीच हृदयाला जादा राबावं लागतं. तेव्हा सूर्य उगवायच्या आत चालून घ्यावं आणि पाणी पीत राहावं. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी त्यांनाच विचारावं.

दुसरी सवय ताटातली. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, जवसाची चटणी हे आपलं जुनं जेवण हृदयाला मानवणारं आहे. भाकरीत चोथा आहे, आणि मासे न खाणाऱ्यांना मिळणं अवघड अशी ओमेगा-३ जातीची चरबी जवसात आहे. बिघडतं ते वरच्या गोष्टींनी. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही. पापड, लोणचं, शेव आणि ठेचा जेवायला बसले की तो चमचा पहिल्या भाकरीतच संपतो. गिलावडा कधीमधी खावा, मीही खातो. पण दिवसभर उकळत राहिलेल्या त्याच त्या तेलातला नको.

उपवासाच्या बाबतीत आपण सारे एकाच कढईतले. आमच्याकडे रोजा सुटतो तो भज्यांवर, तुमच्याकडे एकादशी निभते ती साबुदाण्याच्या वड्यांवर. त्याहून धोक्याचं म्हणजे उपवास आहे म्हणून त्या दिवशी रक्तदाबाची गोळीही टाळणं. रमजान असो की श्रावण, गोळ्यांच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून बसवून घ्याव्यात.

तिसरी गोष्ट सवय लावण्याची नाही, सोडण्याची. खर्रा. पानटपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटला जातो आणि अर्धा-अर्धा दिवस गालात राहतो. 'खर्ऱ्यानं तोंडाचं काय व्हायचं ते होईल, हृदयाचा काय संबंध?' असं लोक विचारतात. संबंध आहे. तंबाखूतलं निकोटिन रक्तात उतरतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण खिशातल्या पुडीवर बंदी आपली आपणच घालायची असते. गाडगेबाबांनी याच मुलखात फिरून कीर्तनांतून व्यसनांवर खराटा चालवला. त्यांची समाधी अमरावतीत आहे. तिच्यापुढं हात जोडताना तरी गाल रिकामा असावा. विडी-सिगारेट सोडणाऱ्यांसाठी चांगली बातमी अशी की वर्षभरात त्यांचा हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो.

चौथी सवय मोजण्याची. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. १४०/९० किंवा त्याहून वर आकडा वारंवार येत असेल तर उपचार हवेत. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं. अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. आणि आकडा उतरला म्हणून गोळी बंद करू नये. तो गोळीमुळेच उतरलेला असतो.

आता शेवटचं, पण सगळ्यांत निकडीचं. माझ्या एका कवीमित्राच्या छातीवर रात्री दडपण आलं, घाम फुटला. घरचे घाबरले, तर हा म्हणाला, ''काई नाई, गॅस झाला असन.'' सोडा प्याला, ओवा चघळला, पहाटेपर्यंत येरझारा घातल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत हृदयाचा एक भाग मेला होता. मित्र वाचला, पण आज एक जिना चढताना तीनदा थांबतो. गझलेचा शेर एका दमात म्हणणारा माणूस!

छातीच्या मधोमध दाब किंवा जळजळ, ती डाव्या हातात, जबड्यात, पाठीत पसरणं, थंड घाम, धाप लागणं, ही लक्षणं गॅसची समजू नका. मधुमेहींना आणि बायकांना कधी कधी छातीत फारसं दुखतही नाही. नुसता थकवा, मळमळ, धाप एवढंच होतं. घरातली बाई 'मला काही झालं नाही' म्हणत राबत राहते, तेव्हा तिच्याकडे जास्त लक्ष द्या. बंद नळीपुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. चालत जाऊ नका, स्वतः गाडी चालवू नका, १०८ ला फोन करा. तपासणीत गॅस निघाला तर हसत घरी या. त्यात कसली आली लाज?