बँजोवादन : रियाज व पट्टीबदल

पाच तारांचा बँजो वाजविण्याच्या सरावाची आणि निरनिराळ्या पट्ट्यांत तो वाजविण्याची पद्धती. या वाद्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील भोपळ्याच्या तंतुवाद्यांत असून, गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांनी कॅरिबियन बेटांत व उत्तर अमेरिकेत त्याला आकार दिला. महाराष्ट्रात मिरवणुकांतून वाजणारा ‘बेंजो’ अथवा बुलबुल तरंग हे याहून वेगळे, कळांचे वाद्य होय. ते १९१२ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या तायशोगोतो या वाद्यावरून आले.

तारांची मिळवणी : बँजोच्या चार तारा पूर्ण लांबीच्या असतात. पाचवी तार आखूड असून तिची खुंटी दांडीच्या कडेला, पाचव्या पडद्याजवळ असते. ही तार सहसा दाबली जात नाही. अंगठ्याने छेडलेला तिचा स्वर तंबोऱ्याप्रमाणे सतत घुमत राहतो. प्रचलित मिळवणीत पाचवीपासून पहिलीपर्यंत तारा जी, डी, जी, बी, डी या स्वरांत लावतात. जी हा षड्ज मानल्यास त्या सा, प, सा, ग, प अशा होतात, म्हणजे मोकळ्या तारांतूनच जी मेजर हा स्वरसंघात निघतो. त्यामुळे जी पट्टीतील वादन सुलभ होते. मात्र इतर पट्ट्यांत पाचव्या तारेचा अचल स्वर हीच मुख्य अडचण ठरते.

रियाज : वादनाच्या दोन प्रमुख शैली आहेत. जुन्या ‘क्लॉहॅमर’ शैलीत बोटाचे नख तारेवर वरून खाली आघात करते व अंगठा पाचवी तार छेडतो. अर्ल स्क्रग्ज (१९२४–२०१२) हे १९४५ मध्ये बिल मन्‍रो यांच्या वाद्यवृंदात आल्यावर तीन बोटांची शैली लोकप्रिय झाली. तीत अंगठा, तर्जनी व मध्यमा यांवर नख्या चढवून आठ आघातांची आवर्तने वाजवितात. पुढे जाणाऱ्या आवर्तनात हे आघात ३ + ३ + २ असे विभागले जाऊन लयीला विशिष्ट झोक मिळतो. म्हणून प्रथम उजव्या हाताची आवर्तने मोकळ्या तारांवर, विलंबित लयीत व मेट्रोनोमच्या ठोक्यावर घोटावीत. प्रत्येक आघात सारखा व स्पष्ट येईपर्यंत लय वाढवू नये. चूक होते तेवढाच तुकडा वेगळा काढून बसवावा आणि मग मागच्या-पुढच्या तुकड्यांशी जोडावा. संपूर्ण धून पुनःपुन्हा वाजविल्यास सोपा भाग पक्का होतो, अवघड भाग मात्र तसाच राहतो.

पट्टीबदल : याचे तीन मार्ग आहेत. (१) कॅपो ही चाप दांडीवर बसविणे : दुसऱ्या पडद्यावर लावल्यास ए, चौथ्यावर बी पट्टी मिळते. पाचवी तारही तितकीच चढवावी लागते. त्यासाठी ती दांडीवरील लहान खिळ्याखाली अडकवितात. (२) मिळवणी बदलणे : सी पट्टीसाठी चौथी तार सीपर्यंत उतरवितात. (३) कॅपोशिवाय बंद आकृत्या सरकविणे : एक बोट चारही लांब तारांवर आडवे धरले असता दुसऱ्या पडद्यावर ए, पाचव्यावर सी व सातव्यावर डी हे मेजर स्वरसंघात मिळतात. याशिवाय एफ व डी स्वरसंघातांच्या आकृत्याही अशाच सरकविता येतात.

कॅपोमुळे बोटांची ठेवण तीच राहते; म्हणून केवळ त्यावर विसंबणाऱ्या वादकाला पट्टी बदलते, पण दांडीवरील स्वरस्थाने अपरिचितच राहतात. याकरिता एकच सोपी धून प्रथम जी, नंतर सी व डी या पट्ट्यांत कॅपोशिवाय बसवावी आणि प्रत्येक पट्टीतील षड्ज, मध्यम व पंचम यांवरील स्वरसंघात तिन्ही आकृत्यांत शोधावेत. पाचव्या तारेचा जी हा स्वर सी पट्टीत पंचम, डी पट्टीत मध्यम, तर एफ पट्टीत ऋषभ होतो. तो कोठे शोभतो, कोठे चढवावा आणि कोठे टाळावा हे कानाने ठरविता येणे, हे पट्टीबदल साधल्याचे लक्षण होय.