सायकल घ्या, पण लेकराच्या मापाची

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत गावची शाळा बहुतेक ठिकाणी चौथी नाही तर सातवीपर्यंत असते. पुढची शाळा तीन-चार-पाच किलोमीटरवरच्या मोठ्या गावात. पोरगा कोणाच्या तरी गाडीवर बसून जातो. पोरीचं मात्र "यंदा घरीच राहू दे, रोवणीला हात होईल" असं ठरतं आणि तिचं शिक्षण तिथंच थांबतं. पाच किलोमीटर पायी जायला सव्वा तास लागतो, सायकलने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. अनेक घरांत पोरीची दहावी या फरकावरच अडलेली असते.

हे नुसतं बोलणं नव्हे. बिहार सरकारने 2006 साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी त्याचा हिशेब मांडला, तेव्हा त्या वयाच्या मुलींची शाळेतली नोंद सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. शाळा दूर असलेल्या गावांत वाढ अधिक होती.

सरकारी मदत कोणाला?

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान आहे. 2022 साली ही रक्कम 3,500 वरून 5,000 रुपये झाली. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही सोय आहे. त्याहून लांबच्या मुलींसाठी याच कार्यक्रमातून एसटीच्या गाड्या धावतात. पैसे मुलीच्या बँक खात्यात जमा होतात. आधी 3,500 रुपये मिळतात आणि सायकल घेऊन पावती दिली की उरलेले 1,500. म्हणून पक्की पावती घ्याच. कच्च्या चिठ्ठीवर सायकल घेतली की दीड हजार अडकलेच समजा. खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे शाळा उघडण्याआधी पाहून ठेवा आणि यादीत नाव आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारा.

आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. दुकानदार जुनाच दर लावत असेल तर पावती वाचून विचारा.

माप कसं बघायचं?

आपल्याकडे कपडे घ्या की सायकल, वाढत्या अंगाचीच घ्यायची रीत. "दोन वर्षं चालली पाहिजे बाप्पा" म्हणून सातवीतल्या लेकराला 28 इंची सायकल देतात. पाय टेकत नाहीत, समोरून ट्रॅक्टर आला की लेकरू सायकलीसकट बांधीत. साधारण साडेचार फूट उंचीच्या लेकराला 24 इंची चाक आणि पाच फुटांच्या पुढे 26 इंची, असा मोटा हिशेब ठेवा. लेकराला दुकानात सोबत न्याच. सीटवर बसवा. दोन्ही पायांची बोटं जमिनीला टेकली पाहिजेत आणि पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पोरगी वाढली की सीटची नळी वर घेता येते, पण नळीवरच्या खुणेच्या वर नेऊ नका.

मधली दांडी नसलेली सायकल घेतली तर बहीण-भाऊ दोघांनाही चालते. ओढणी अडकू नये म्हणून चेनकव्हर पूर्ण पाहिजे. गिअर, पुढचा स्प्रिंगचा चिमटा, पातळ डिस्कब्रेक यांच्या मागे लागू नका. वजन वाढतं, आणि बिघडली तर गावातल्या मिस्त्रीकडे सामान मिळत नाही. साध्या सायकलीचं टायर-ट्यूब, छर्रे, कोन आठवडी बाजारातही मिळतात.

नवी सायकल दुकानात जोडूनच देतात. ती पंधरा दिवसांनी परत नेऊन तारा, हँडल आणि पायडल आवळून घ्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे घरी पाना लावताना ध्यानात ठेवा.

जुनी घ्यायची असेल तर

मुलांना अनुदान नाही, त्यामुळे अनेकांना जुनी घ्यावी लागते. त्यात कमीपणा नाही, पण चार गोष्टी पाहा. सायकल उलटी ठेवून चाक फिरवा, ते डुलत असेल तर रिम वाकलेली आहे. सांगाड्याच्या जोडावर तडा आहे का, ते बोट फिरवून बघा. चिमटा मागे वाकला असेल तर ती सायकल धडकलेली आहे, सोडून द्या. शेवटी पायडलचा दांडा धरून आजूबाजूला हलवा. खडखड करत असेल तर छर्रे-कोनाचा खर्च किमतीतून वजा करा. सांगाड्यावरचा नंबर चिठ्ठीवर लिहून विकणाऱ्याची सही घ्या, म्हणजे चोरीच्या मालाची भानगड राहत नाही.

जंगलातला रस्ता

आपल्या सायकलीला शहरात लागत नाही ते सामान लागतं. मोठ्या आवाजाची घंटी, मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे बॅटरी. पावसात ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक उशिरा लागतो, हे लेकराला आधीच सांगा. बाभळीचे काटे आहेतच, म्हणून कॅरियरच्या पिशवीत सोल्यूशन, ठिगळं आणि छोटा पंप असू द्या. आणि पोरीला पंक्चर काढायला शिकवा.

वाघाची गोष्ट टाळून चालणार नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावलीकडच्या लोकांना सांगायची गरज नाही. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो. उशिरा सुटलेल्या पोरीला अंधारात जंगल ओलांडू देऊ नका. चार-पाच जणींनी मिळूनच निघावं, मागे कोणी राहू नये, घंटी वाजवत जावं. वाघ दिसला तर पाठ फिरवून पळू नये. वनविभागाचा 1926 हा क्रमांक दप्तरावरच लिहून ठेवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगणं एवढंच. शाळेच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झुडपं दिवाळीआधी कापून घ्या. शाळेत सायकलींसाठी एक छप्पर आणि एक मोठा पंप ठेवा. प्राथमिक प्रतिसाद दल असेल तर शाळा सुटण्याच्या वेळेला त्याची फेरी ठरवा. पंचायतीला हे जड नाही.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते. तेंदूचा पैसा हाती आला की बियाण्या-खताच्या हिशेबात सायकलीची एक ओळ धरा. रोवणीला दोन हात कमी पडतील, ते महिनाभरात भरून निघतील. पोरीची शाळा एकदा सुटली की पुन्हा जोडणं कठीण.